गाप्सूला आत आण

शुक्रवारी दुपारी मी अंगणात बसून युजाची पिवळी, लिंबासारखी आंबट फळं चिरत होते. फळ सालीसकट बारीक चिरायचं, बिया काढायच्या, साखरेत घालून बरण्या भरायच्या. नोव्हेंबरात समुद्रकाठच्या आमच्या गोहुंगमध्ये बायकांना दुसरं काम नसतं. नवरा समोर बसून डागाळलेली फळं वेगळी काढत होता. मग मान वर न करता तो म्हणाला, "चर्चमध्ये सूट घालूनच यावं लागतं का?"

माझा सुरा थांबला.

"कोणाला?"

"मला. आणखी कोण बसलंय इथं?"

देवा! मला उठून नाचायचं होतं. शेजारच्या डोंगरावर चढून ओरडायचं होतं. पण मी आपली फोड हातात धरून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाही हो, साधे कपडेही चालतात."

"मग येतो या रविवारी. पण एक सांगून ठेवतो, सोल्मीची आई. गाजावाजा नको. मी मागे बसणार आणि संपलं की उठून घरी येणार. कोणाला सांगायचं नाही."

"मी कशाला कोणाला सांगतेय!"

त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा फळं निवडायला लागला.

हे सगळं काय आहे ते कळायला एकतीस वर्षं मागं जावं लागेल. मी पस्तीस वर्षांची असताना ख्रिस्ती विश्वासात आले, आणि त्या दिवसापासून पहाटे पाचच्या प्रार्थनेला जायला लागले. आमची युजाची बाग गावापासून दोन किलोमीटर वर, रस्ता अंधाराचा. माझ्या नवऱ्याला, म्हणजे ह्वांग गाप्सूला, देवाधर्माचं वावडं. पण बायको अंधारात एकटी जाणार हेही त्याला चालेना. म्हणून पाऊस असो, बर्फ असो, तो मला टेम्पोनं चर्चपर्यंत सोडायचा, प्रार्थनेच्या खोलीच्या भिंतीला टेम्पो लावायचा आणि माझं होईपर्यंत टेम्पोतच बसून राहायचा. दारापर्यंत येणारा, पण उंबरा न ओलांडणारा माणूस. एकतीस वर्षं! दुसरी एखादी असती तर केव्हाच आशा सोडून दिली असती.

मी सोडली नाही. उलट मी देवाला मुदती घालून दिल्या. सोल्मी शाळेत जायच्या आधी आण. चुसॉकच्या सणाच्या आधी आण. सोल्मीच्या लग्नाच्या आधी आण, जावयासमोर बरं दिसेल. माझ्या साठीच्या आधी आण. प्रत्येक मुदत टळली की मी देवावर आठवडाभर रुसायची आणि मग पुढची मुदत द्यायची.

आमच्याकडे पहाटेची प्रार्थना मुकाट्यानं होत नाही. पाळक दिवा मालवतात, सगळे मिळून तीन वेळा "प्रभू!" अशी हाक मारतात आणि मग ज्यानं त्यानं आपापलं गाऱ्हाणं मोठ्यानं घालायचं, सगळ्यांनी एकदम. त्या कल्लोळात माझा आवाज सगळ्यांच्या वर. त्याबद्दल जिन ओक्ह्वा मला नेहमी टोमणे मारते. ओक्ह्वा माझी जिवाभावाची मैत्रीण. आम्हा दोघींना एकाच वर्षी क्वॉन्सा केलं. हा चर्चमधला बायकांचा मोठा मान. पन्नाशी उलटल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाला की तोंड जरा आवरायचं असतं. ते आम्हा दोघींनाही जमलेलं नाही.

"ओ क्वॉन्सा," ती म्हणते, "देवाला ऐकू जातं ते ठीक आहे, पण बंदरावरच्या बोटींना कशाला त्रास?"

तर शुक्रवारी दुपारी मी तोंडाला कुलूप घालून बसले. एक तास चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते. मग मी बरण्यांची झाकणं आणायच्या निमित्तानं ओक्ह्वाकडे गेले.

"कोणाला सांगू नकोस," मी म्हणाले.

"मी कशाला कोणाला सांगतेय!" ती म्हणाली. अगदी माझ्यासारखंच म्हणाली. तिथेच मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत सगळ्या चर्चला ठाऊक झालं होतं. त्यात नेमका हा रविवार म्हणजे नव्या माणसांचा रविवार. वर्षातून एकदा आम्ही प्रत्येकजण एक तरी नवं माणूस घेऊन येतो. महिनाभर आधी झाडाच्या पानासारख्या कापलेल्या कागदावर त्याचं नाव लिहून दाराजवळच्या फांदीला टांगायचं. माझ्या पानावर एकतीस वर्षं एकच नाव. पोरंसोरं त्या पानाला हसायची. आता ते पान गळणार नव्हतं, फळणार होतं! मला दोष द्यायचा तर द्या, पण माझ्या जागी बसून बघा आधी.

चर्चच्या स्वयंपाकघरात मी पोचले तेव्हा ओक्ह्वा बाह्या सरसावून हुकूम सोडत होती. "समुद्री शेवाळाचं सूप रद्द! बीफचं करा! गाप्सू भाऊ येणार आहेत, शेवाळ काय खायला घालताय त्यांना?" एक बाई तांदळाचे केक सांगायला धावली. दुसरीनं घरून शेवंतीच्या कुंड्या उचलून आणल्या. गायनवृंदातले म्हातारे ढोल बडवून बघत होते.

"ओक्ह्वा, अगं गाजावाजा नको म्हणालेत ते."

"पुरुष असंच म्हणतात. माझे सासरे साठीला काहीच नको म्हणाले होते. नाही केलं, तर मरेपर्यंत बोलून दाखवलं."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं.

आमचे पाळक मिन चौतीस वर्षांचे, शांत, बोलताना शब्द जपून वापरणारे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "क्वॉन्सा, जरा दमानं घेऊ या का? ते स्वतःहून येतायत. त्यांना त्यांच्या पावलांनी येऊ द्या."

"पाळकसाहेब," मी म्हणाले, "तुम्ही तीन वर्षांचे होता, नाक पुसता येत नव्हतं, तेव्हापासून मी दमानंच घेतेय."

बिचारे लाल झाले. संध्याकाळी ओक्ह्वाचा पुतण्या बाजारातून कापडी फलक छापून घेऊन आला. तिनं मला तो उलगडून दाखवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर काही मी माझ्या नवऱ्याच्या नावानं कधी बघितलं नव्हतं.

रविवारी तो पहाटेच उठून अंघोळ करून बसला होता. सोल्मीच्या लग्नातला सूट त्यानं काढला होता. "साधे कपडे चालतात" म्हटलं होतं मी, तरी. पँट कमरेला होईना, तर पट्ट्यानं ओढून बांधली. केसांना पाणी लावून भांग पाडला. आरशात बघत मला विचारलं, "बरा दिसतो का?"

एकोणसत्तर वर्षांचा माणूस, आणि लाजत होता. मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली त्या क्षणी की काय सांगू. मी माझा जांभळा हानबोक, आमचा सणासुदीचा घोळदार पोशाख, नेसले, टेम्पोत चढले, आणि सगळा रस्ता मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. टेम्पोही कधी नव्हे तो एका दमात सुरू झाला होता.

वळण घेतलं आणि चर्च दिसलं.

फाटकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फलक. हातभर उंचीची अक्षरं. "ह्वांग गाप्सू बंधूंचं स्वागत! एकतीस वर्षांच्या प्रार्थनेचं उत्तर!" खाली चाळीस-पन्नास माणसं, सगळी हानबोक घालून. ओक्ह्वाच्या हातात शेवंतीचा हार. आम्हाला बघताच ढोल सुरू झाला, टाळ्या सुरू झाल्या आणि सगळ्यांनी मिळून हाक दिली, "गाप्सू भाऊ, या!"

टेम्पो थांबला. इंजिन चालूच. त्यानं फलक वाचला. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"तुला मी काय सांगितलं होतं?"

"अहो, ते प्रेमानं करतायत सगळं."

"उतर."

"सगळे वाट बघतायत हो. पाच मिनिटं या नुसते. हार घालून घ्या आणि मागे बसा. बीफचं सूप केलंय…"

"सोल्मीची आई, उतर."

मी उतरले. हानबोकाचा घोळ दारात अडकला, तो मी ओढून काढला. टेम्पो मागे गेला, वळला आणि निघून गेला. ढोलवाल्या आजोबांना कमी दिसतं. त्यांना काही कळलंच नाही, ते बराच वेळ वाजवत राहिले.

त्या दिवशी उपासनेत काय झालं ते मला विचारू नका. पाळकांनी माझ्या नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही, त्यांचे उपकार आहेत. ओक्ह्वा माझ्या शेजारी बसून नाक ओढत होती आणि मला तिला चिमटा काढावासा वाटत होता. पण चिमटा काढायचा तर आधी स्वतःला. सूप मी तोंडात घेतलं नाही. फलक कोणी काढला, कधी काढला, ते बघितलं नाही. हानबोक गुडघ्यापर्यंत उचलून मी दोन किलोमीटर चढ चालत घरी आले.

तो बागेत होता. सुटाची पँट, वर जुना स्वेटर, पायात गमबूट. शिडीवर चढून युजा तोडत होता, तेही काट्यांची फिकीर न करता. मी शिडीखाली उभी राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तो तोडत राहिला.

"ऐकलंत का? चुकलं म्हणतेय. मी जन्मात कितीदा म्हटलंय हे?"

"मी उत्तर आहे का गं?" तो वरूनच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एकतीस वर्षांचं उत्तर म्हणे. मी माणूस आहे. मला बघायचं होतं तिथं काय आहे. सत्कार करून घ्यायला येत नव्हतो मी."

"मग इतक्या वर्षांत कधी का नाही…"

"तू येऊ कुठं देतेस? रोज पहाटे तेच. बखोट धरून आण, मान वाकवून आण. यंदाच आण, सणाआधी आण. ऐकून ऐकून पाय उचलत नाही माझा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली.

"तुम्हाला… ऐकू येतं?"

"खिडकीला लागून टेम्पो असतो. आणि तुझा आवाज!" त्यानं एक फळ टोपलीत टाकलं. "मी घोरतो ते सांगितलंस. भावाशी भांडलो ते सांगितलंस. सोजूची बाटली लपवून प्यायलो ते तर तीन दिवस सांगत होतीस. देवाच्या आधी मलाच कळतं सगळं."

मला शिडीखालची जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. एकतीस वर्षं! मला वाटत होतं, तो रेडिओ ऐकतो. मी टोपली उचलली आणि ओसरीवर नेऊन ठेवली. संध्याकाळी मी भात वाढला, त्यानं खाल्ला.

सोमवारी पहाटे मी उठले तेव्हा मला वाटलं, आज चालतच जावं लागणार. पण अंगणात टेम्पोचा घरघराट चालू होता. पावणेपाच, रोजच्यासारखे. काच त्यानं पुसून ठेवली होती. आम्ही निघालो. चर्चच्या भिंतीला टेम्पो लावून तो म्हणाला, "जा, उशीर होईल." बस, एवढंच.

प्रार्थनेची खोली लहान. जमीन खालून तापवलेली, म्हणून बूट दारात काढून सगळ्या खाली उशांवर बसतात. सोमवारी गर्दी नसते. आम्ही सात बाया आणि पुढे पाळक मिन. ओक्ह्वानं माझ्याकडे बघायचं टाळलं. पाळकांनी दिवा मालवला. "प्रभू! प्रभू! प्रभू!" सगळ्यांनी हाक मारली आणि कल्लोळ सुरू झाला. कोणी मुलाच्या नोकरीसाठी रडत होती, कोणी गुडघ्यासाठी. शेजारी ओक्ह्वा आपल्या जिभेसाठी क्षमा मागत होती, तेही मोठ्यानं.

माझं तोंड उघडलं नाही.

नेहमीचे शब्द ओठांपर्यंत आले आणि मला दिसलं की भिंतीपलीकडे तो बसलाय, कान देऊन. गाप्सूला आत आण. कसं म्हणणार? आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली, ती यापेक्षाही लाज आणणारी. मी एकतीस वर्षं देवापाशी मागत नव्हते, देवाला कामाला लावत होते. तारीख मी ठरवणार, वाट मी ठरवणार, बखोटसुद्धा कुठून धरायचं ते मी सांगणार. त्यानं माझ्या नवऱ्याला शुक्रवारी दुपारी, युजा निवडता निवडता, हळूच दारापर्यंत आणलं, तर मी ढोल वाजवून हुसकावला. मला रडू आलं. मी मनात एवढंच म्हणाले, देवा, आता तू आणि तो बघा. मी मध्ये येत नाही. तुला आणखी एकतीस वर्षं लागली तर लागू देत.

तेव्हा मी सत्त्याण्णव वर्षांची असेन. तेही कबूल केलं मी.

मग मी नुसती बसले. खरंच नुसती. असं कधी बसले नव्हते. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. बाकीच्यांचा आवाज चालू होता, त्यात माझी जागा रिकामी. मला वाटलं होतं की गप्प बसले तर मी फुटेन, पण तसं झालं नाही. बरं वाटत होतं.

टेम्पोचं दार वाजलं.

मला वाटलं, पाय मोकळे करायला उतरला असेल. मग बाहेरच्या ओसरीवर पावलं वाजली. गमबुटांची, भराभर. खोलीचं दार सरकलं आणि ओसरीवरच्या दिव्याचा उजेड, गार वारा आत आला. दाराजवळची बाई पहिली गप्प झाली. मग तिच्या पुढची. एकेक करून सगळ्यांचे आवाज बंद झाले. शेवटी फक्त ओक्ह्वा डोळे मिटून ओरडत राहिली. तिनंही एक डोळा उघडला आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली.

"सोल्मीची आई?"

माझ्या मागून आवाज आला. धाप लागली होती त्याला.

"हो," मी म्हणाले. मान वळवली नाही.

"तुझा आवाज आला नाही. मला वाटलं, पडलीस की काय."

मी ज्याला आत आण म्हणून रोज ओरडत होते, तो एकतीस वर्षं रोज पहाटे माझी प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसला होता. रागावून, कंटाळून, पण ऐकत. एक दिवस मी गप्प बसले, तर धावत आला.

"बरी आहे मी," मी म्हणाले.

तो तिथेच उभा राहिला. गेला नाही. माझ्या अंगातली प्रत्येक शीर ओरडत होती, उठ! बाही पकड! उशी दे, बसव, पाळकांना हाक मार! शेजारी ओक्ह्वा अर्धी उठली होती, दोन्ही हात पसरून. मी तिच्याकडे असं बघितलं की ती तशीच खाली बसली आणि रुमालाचा बोळा तिनं तोंडात कोंबला. पाळक मिन आमच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर होते. त्यांना सगळं कळलं होतं, त्यांचे खांदे सांगत होते, पण ते वळले नाहीत. देव त्यांचं भलं करो.

कितीतरी वेळ गेला. मग मला मागे खरखर ऐकू आली. तो एका पायावर उभा राहून बूट ओढत होता. एक निघाला. दुसरा अडकला, तो पुटपुटला, मग तोही निघाला. त्याच्या गुडघ्यांचा कडकड असा आवाज झाला आणि माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, तो जमिनीवर बसला.

"चालू दे तुमचं," तो हळूच म्हणाला.

पण आम्ही सात बाया, गावभर बोभाटा करणाऱ्या, गप्प बसलो होतो. खोलीत फक्त त्याची धाप ऐकू येत होती, हळूहळू खाली बसणारी. मी पुढेच बघत राहिले. माझे हात त्याची बाही धरायला जाऊ नयेत म्हणून मी ते मांड्यांखाली दाबून ठेवले.